पंडिता रमाबाई : निराधारांचे माहेर

सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे आमचे बिऱ्हाड आजवर अनेक प्रांतांतून हिंडले. नव्या गावी मराठी मंडळाचा पत्ता लागला की निम्मे परकेपण ओसरते, हा अनुभव आमच्याप्रमाणे वाचकांनाही असेल. म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी वर्षात आम्हांस अशा एका मराठी विदुषीचे स्मरण होते, की ज्यांना स्वतःला दीर्घकाळ स्थिर घर लाभले नाही, परंतु ज्यांनी हजारो निराश्रित मुलींना घर दिले.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. आईने ती विद्या कन्येस दिली. पुढे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७० नंतरच्या दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण यांना ओढून नेले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास अर्धपोटी, अनवाणी देशभर भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पारखून तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. मराठी कन्येच्या गुणांचा पहिला मोठा सन्मान वंगभूमीने केला, ही गोष्ट आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस विशेष हृद्य वाटते.

१८८० साली बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला व आसामात सिल्चर येथे संसार थाटला. तो दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले आणि तान्ही मनोरमा कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यातून बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ संस्था उभी राहिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी बालविधवा गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या, हे सर्वश्रुत आहे. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे ठरले होते. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळल्या, तेव्हा मोठे वादळ उठले. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वास ठेवणाऱ्यांचे दुःख खोटे नव्हते. आणि आपली श्रद्धा लपविणे रमाबाईंस शक्य नव्हते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमारीने आपली माणसे गमावलेल्या रमाबाई तेथे धावल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी मुक्तिसदन उभारले. त्याचे स्वरूप उघड ख्रिस्ती होते. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलीही आल्या आणि आश्रितांची संख्या २,००० च्या घरात गेली. त्यात बालविधवा होत्या, अंध होत्या, समाजाने पतित म्हणून टाकलेल्याही होत्या.

केवळ अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. दान आटले की मुलगी पुन्हा रस्त्यावर येऊ नये, ही त्यांची दृष्टी. म्हणून अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, दूधदुभते, घाणा चालविणे, छपाई असे उद्योग शिकविले गेले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यात मनोरमाबाईंनी पुढाकार घेतला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले, आणि आश्रमातील स्त्रियांनीच त्याची छपाई केली.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. कन्येच्या मागे एक वर्षही न राहता ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. १९८९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्तीचे कार्य त्यांच्या पश्चातही चालू राहिले.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी वाचकांत मतभेद असतील. आमच्या घरीही या विषयावर एकमत नाही. तथापि एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. त्या मुली प्रथम आपल्याच दारी उभ्या होत्या. आपण किती दारे उघडली? उत्सवाचे दिवे मालवल्यावर, आपण ज्या गावाचे अन्न खातो त्या गावच्या एखाद्या निराधार मुलीच्या शिक्षणाचा आणि हातच्या कसबाचा भार मंडळाने उचलला, तर रमाबाईंचे हे स्मरण सार्थ होईल असे आम्हांस वाटते.