देशाचा वकील : मोतीलाल सेटलवाड

आमच्या गावाकडे वकील दोनच प्रकारचे मानतात. एक आपला आणि दुसरा सरकारी. सरकारी वकील म्हणजे आपल्याविरुद्ध उभा राहणारा माणूस, अशीच साऱ्यांची समजूत. पण देश स्वतंत्र झाल्यावर सरकारच आपले झाले. मग त्या सरकारचा वकील कसा असावा? मोतीलाल चिमणलाल सेटलवाड यांचे जीवन या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते.

मोतीलालांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८४ रोजी अहमदाबादेत झाला. वकिली त्यांच्या घरातच होती. वडील सर चिमणलाल हे मुंबईतील नामवंत वकील. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर नेमलेल्या हंटर समितीत त्यांनी जनरल डायरची कसून उलटतपासणी केली होती. १९११ मध्ये मोतीलाल मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले आणि १९४२ च्या आंदोलनाच्या वेळी त्यांनी त्या मानाच्या जागेचा राजीनामा दिला.

१९४७ च्या जुलैत लाहोरला पंजाब सीमा आयोगापुढे त्यांनी काँग्रेसची बाजू मांडली. समोर मुस्लिम लीगच्या बाजूने जफरुल्ला खान होते. पुढे जानेवारी १९४८ मध्ये काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गेला, तेव्हा गोपालस्वामी अय्यंगार यांच्या शिष्टमंडळात सेटलवाड होते आणि पाकिस्तानच्या बाजूला पुन्हा तेच जफरुल्ला!

२८ जानेवारी १९५० रोजी ते भारताचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल झाले. या पदावर त्यांनी तेरा वर्षे काढली. त्यांतील हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातील खटला मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली हे मुलूख स्वातंत्र्यसैनिकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त केले. सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही त्यांत होते. चहूबाजूंनी भारताची भूमी आणि मध्ये हे तुकडे. भारताने दमणहून तिकडे जाणारी वाट पोर्तुगीजांना बंद केली. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि तिसऱ्याच दिवशी भारतावर दावा ठोकला. वाट हा आमचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी पुढे केला तो १७७९ चा पेशव्यांशी झालेला तहनामा!

या तहाने पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची गावे मिळाली होती. प्रश्न असा, की मराठ्यांनी नेमके काय दिले? मुलखाचे राज्य, की नुसता वसूल घेण्याचा अधिकार, म्हणजे सरंजाम?

हे वाचताना मला आमच्या घरातील पत्र्याची पेटी आठवली. तीत जमिनीचे जुने कागद आहेत. आजोबांना अंगठ्यापलीकडे काही येत नव्हते. कागद वाचून दाखवणारा सांगेल तोच अर्थ खरा. त्या पायी बांधालगतचा एक तुकडा गेला तो गेलाच. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. एका शब्दावर जमीन राहते किंवा जाते, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. पण देशांचेही तसेच असते, हे मात्र मला नवीन होते.

१९५९ च्या शरदात सुनावणी झाली, तेव्हा सेटलवाड पंचाहत्तरीला टेकले होते. ब्रिटनचे माजी अ‍ॅटर्नी जनरल सर फ्रँक सॉस्किस यांच्यासारखे कायदेपंडित त्यांच्या सोबतीला होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांची सत्ता मानली गेली होती. म्हणून सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, असेही म्हटले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना तो नव्हता. हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले! भारताने वाट बंद करून कर्तव्यभंग केला नाही, असा कौल नऊ विरुद्ध सहा मतांनी मिळाला. १९६१ मध्ये हे मुलूख रीतसर भारतात आले.

सेटलवाड सरकारचे वकील होते, पण सरकारचे होयबा नव्हते. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणाच्या चौकशीत न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे त्यांनी सत्य झाकले नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

१९६३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी काहीजण बी. ए. नंतर कायद्याकडे वळतील. माझाही तोच विचार आहे. सरकारी वकील व्हायचे तर कोणासारखे, हे मी आता ठरवले आहे.