सत्तरीत आलेली लाट

आपल्याला बाविशीतच उशीर झाल्यासारखं वाटतं. जगातल्या सगळ्यात फेमस लाटेचं चित्र काढलं तेव्हा होकुसाई सत्तरीत होता. आणि तरीही त्याला वाटत होतं, अजून म्हणावं तसं जमत नाहीये!

ते चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. निळीशार, अक्राळविक्राळ लाट, तिच्या टोकाला नखांसारखा फेस आणि मागे इवलासा फुजी पर्वत. टी-शर्टवर, मोबाइल कव्हरवर, हॉस्टेलच्या भिंतीवर ती कुठेही भेटते. २०२४मध्ये जपानने काढलेल्या हजार येनच्या नव्या नोटेवरही तीच आहे. पण नीट बघितलंय का? लाटेखाली तीन होड्या आहेत आणि त्यांत वल्ही घट्ट धरून वाकलेली माणसं. लाट कोसळणार आहे आणि त्यांच्या हातात फक्त वल्हं न सोडणं आहे. होकुसाईचं आयुष्य वाचल्यावर मला ती होडीतली माणसं जास्त दिसायला लागली.

होकुसाईचा जन्म १७६०चा, एदोमधला, म्हणजे आजच्या टोकियोतला. सहाव्या वर्षापासून हातात ब्रश. घरची श्रीमंती नव्हती. लहानपणी पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानात काम केलं, मग लाकडी ठसे कोरायला शिकला. अठराच्या आसपास शुन्शो या नावाजलेल्या चित्रकाराकडे तो शिष्य म्हणून लागला आणि काबुकी नाटकांतल्या नटांची चित्रं काढू लागला. गुरू गेल्यावर त्या घराण्याशी त्याचं बिनसलं आणि तो बाहेर पडला. पुढे जपानी, चिनी, युरोपियन अशी जी शैली दिसेल ती शिकत गेला.

माणूस तसा अवलियाच. आयुष्यात तीसहून जास्त नावं बदलली आणि म्हणे ९३ वेळा घर! खोलीत इतका पसारा व्हायचा, की आवरण्यापेक्षा घर बदलणं सोपं. (आपल्या रूमवर हा उपाय परवडणारा नाही.) १८०४मध्ये त्याने एका मंदिराच्या आवारात झाडूएवढ्या ब्रशने बोधिधर्माचं प्रचंड चित्र काढलं. ते इतकं मोठं होतं, की जमिनीवरून लोकांना कळेचना काय चाललंय. १८१४पासून त्याच्या स्केचेसची पुस्तकं निघू लागली, ‘होकुसाई मांगा’. आजच्या अर्थाने कॉमिक नाही, तर पैलवान, मासे, भुतं, पाऊस, जांभई देणारी माणसं असं दिसेल ते सगळं. एकूण १५ भाग निघाले, त्यातले शेवटचे तर त्याच्या मृत्यूनंतर.

इथवर गोष्ट मजेशीर आहे. पुढची नाही. पासष्टी ओलांडल्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला. चित्रकाराच्या हाताचं काय झालं असेल, विचार करा. त्यातून तो सावरतोय तोवर १८२८मध्ये दुसरी बायको गेली. नातू जुगारी निघाला आणि त्याची देणी आजोबांच्या गळ्यात पडली. नवरा सोडून माहेरी आलेली मुलगी ओई सोबत होती. तीही उत्तम चित्रकार. बायकांची चित्रं ती आपल्यापेक्षा सरस काढते, असं होकुसाई स्वतःच म्हणायचा. बापलेक दिवसभर चित्रं काढत. स्वयंपाक कुणीच करत नसे, बाहेरूनच काहीतरी यायचं.

अशा दिवसांत, १८३०-३२च्या सुमारास, ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ ही मालिका आली. लाट त्यातलीच. तेव्हा परदेशातून आलेला प्रशियन ब्लू रंग एदोत स्वस्त झाला होता, त्या निळ्याची ही कमाल. आणखी एक गंमत म्हणजे हे चित्र कॅनव्हासवरचं नाहीच. होकुसाईने कागदावर रेखाटलं, कारागिरांनी ते लाकडात कोरलं आणि ठशांवरून हजारो प्रती निघाल्या. किंमत साधारण नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांइतकी. मालिका इतकी खपली, की छत्तीसवर आणखी दहा चित्रं काढावी लागली.

आपण म्हणतो, बघा, सत्तरीतही यश मिळतं! पण ही पहिली लाट नव्हतीच. चाळिशीतही त्याने होड्यांवर उसळणारी लाट काढली होती. ती बघितली तर पाणी जड, गोठल्यासारखं वाटतं. सत्तरीतली लाट जिवंत वाटते, कारण मधली पंचवीसेक वर्षं तो काढत राहिला होता.

१८३४मध्ये फुजीच्याच शंभर दृश्यांच्या पुस्तकाच्या शेवटी त्याने स्वतःच्या कामाचा हिशोब मांडला. सत्तरीआधी काढलेलं काहीच दखल घेण्यासारखं नाही, त्र्याहत्तरीत प्राणी-झाडं थोडीफार कळली, नव्वदीत मर्म कळेल आणि एकशे दहाव्या वर्षी आपली प्रत्येक रेघ जिवंत होईल, असा त्याचा एकंदर सूर. सही केली ‘चित्रवेडा म्हातारा’ अशा अर्थाच्या नावाने.

१८३९मध्ये घराला आग लागली. असंख्य चित्रं खाक झाली. तेव्हा तो जवळपास ऐंशीचा होता. थांबला असता तरी कोण काय म्हणणार होतं? पण पुढे १८४२-४३मध्ये तो रोज सकाळी एक सिंह काढायचा. संकट टळावं म्हणून. त्यातले दोनशेहून जास्त आजही आहेत. पंचाऐंशीच्या आसपास तो डोंगराळ भागातल्या ओबुसे गावी गेला आणि तिथल्या उत्सवाच्या रथाच्या छतावर पुन्हा लाटा रंगवल्या. यावेळी होडी नाही, फुजी नाही. नुसतं पाणी.

मे १८४९मध्ये तो गेला. शेवटच्या दिवसांत म्हणे आणखी दहा वर्षं मागत होता. ती नाही तर निदान पाच, म्हणजे खरा चित्रकार होता येईल.

माझ्या वर्गाच्या ग्रुपवर रोज कुणाचं तरी ऑफर लेटर येतं. अभिनंदन टाइप करताना पोटात कालवतं, खोटं कशाला बोलू. होकुसाई वाचून ते थांबलेलं नाही. सत्तरीपर्यंत थांबायचीही माझी तयारी नाही. पण आग लागल्यानंतरच्या त्या सिंहांचा विचार मनातून जात नाही. ते काढताना त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. सकाळ झाली होती, एवढंच.