लक्ष्मीबाई टिळक : श्रद्धेतील प्रसन्नता

‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण वारंवार हसतो; या हास्यामागील जीवन मात्र खडतर होते, हे आपण ध्यानात घ्यावे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या विरहानंतर त्या पतीजवळ परतल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेमुळे दुःखे टळली नाहीत. परंतु ती सांगताना त्यांच्या लेखणीत कटुता उरली नाही. हातातील पैसा परक्याला देऊन मोकळे होणारे टिळक आणि स्वतःची फजिती, दोन्ही त्या सारख्याच प्रसन्नतेने रंगवतात. तेव्हा त्यांचा विनोद हा केवळ शैलीविशेष मानू नये. त्यात नम्रता आहे आणि क्षमाही आहे.