लीळासंग्राहक म्हाइंभट

म्हाइंभट हे सराळे गावचे, शास्त्रांत पारंगत आणि वादपटू. विद्येचा अहंकार त्यांच्या ठायी मोठा होता. वाद जिंकावा या हेतूनेच ते डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या दर्शनास गेले, आणि तेथे त्यांचा ताठा गळाला. पुढे अनुसरण घेऊन ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले.

इ. स. 1274 च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यानंतर आचार्य श्रीनागदेव लीळांचे अखंड स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले की, ज्यांनी स्वामींना डोळां पाहिले ती मंडळी एकेक करून निघून जातील, आणि त्यांच्यासवे लीळाही जातील. त्यांनी त्या लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली. ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी आचार्यांनी स्वतः पाहिलेले सांगितले. जे पाहिले नव्हते त्यासाठी ज्याचे त्याला विचारावयास पाठविले.

येथे म्हाइंभटांच्या कार्याचे खरे मर्म आहे. त्यांच्यासारख्या पंडिताने चार विद्वानांना विचारून संस्कृतात एक प्रौढ चरित्र रचले असते, तर त्या काळच्या रीतीस ते शोभूनच दिसले असते. त्यांनी तसे केले नाही. महदाइसा, आउसा, साधें, उमाइसा यांसारख्या स्त्रियांच्या आठवणींना त्यांनी महापंडितांच्या आठवणींइतकाच मान दिला. साधें ही तर भोळी बाई. मंडळी तिची थट्टा करीत. तरीही तिचा भोळेपणा जसाच्या तसा ग्रंथात आहे. रजस्वलेचा विटाळ मानू नये, शरीराच्या अन्य मळांसारखाच तोही एक, हे स्वामींचे निरूपण ज्या लीळेत आहे, ती केवळ पुरुषांना विचारणाऱ्या संग्राहकाच्या हाती लागती काय? चांभार, मातंग, गुराखी हेही या ग्रंथात आपल्या बोलीसह येतात. चिमणी-कावळ्याची गोष्टसुद्धा स्वामींच्या मुखातली म्हणून त्यांनी गाळली नाही.

बोलीचा हा आदर आचार्यांचाही होता. केशोबासांसारख्या संस्कृतज्ञाने संस्कृतात रचना करण्याचा विचार केला, तेव्हा त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायांना धर्म अंतरेल, म्हणून आचार्यांनी त्यांना आवरले. आज सावली-मूलच्या झाडीत वैनगंगेच्या अलीकडे जी बोली घरोघर आणि दंडारीत ऐकू येते, ती ग्रंथांत क्वचितच उतरते. तेथील म्हातारीची आठवण कोणी लिहावयास बसला तर तिचे शब्द आधी ‘शुद्ध’ करून घेतो. म्हाइंभटांना तसा मोह झालेला दिसत नाही.

एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असा लीळाचरित्राचा विस्तार सिद्ध झाला, तो इ. स. 1278 च्या सुमारास. महदाइसेचे प्रश्न त्यात पदोपदी भेटतात. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव होतो तो धवळ्यांमुळे, परंतु तिची चिकित्सक वृत्ती कळते ती या ग्रंथातून. श्रीप्रभूंच्या पश्चात म्हाइंभटांनी याच पद्धतीने ऋद्धिपूरचरित्रही लिहिले.

ग्रंथावर मात्र संकट आले. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणशक्तीचा आधार फार मोठा. तिचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशुरामबासांचा पाठ यांत भेद पडले. ते मिटवून एकच पाठ खरा ठरविणे सोपे होते. पंथाने ‘वासना’ म्हणून निरनिराळे पाठ पोथ्यांत राखले; अभ्यासकांना त्याचा त्रास होतो खरा, पण हिराइसेला काय आठवत होते, ते त्यामुळेच आजही कळते.

पुढे सकळा लिपीच्या आवरणाखाली हे ग्रंथ शतकानुशतके आश्रमांतच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली, 1930 च्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापले, आणि 1978 मध्ये वि. भि. कोलते यांची प्रत निघाली. ज्या ऋद्धिपुरी म्हाइंभट एकेकाला विचारीत बसले, तेथे 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे.