फाळक्यांचा प्रोजेक्ट

आम्हाला या सेमिस्टरला प्रोजेक्ट मॅनेजमेंट आहे. कल्पना, शक्यता तपासणं, नियोजन, अंमलबजावणी, नियंत्रण, समारोप... या पायऱ्या मला काही केल्या ओळीने आठवत नाहीत. दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वाचलं तेव्हा मात्र सगळ्या एकामागून एक समोर आल्या. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!)

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून पाहिलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे छापखाना छान चालत होता, पण भागीदारांशी बिनसलं म्हणून तोही सोडला. हे भागीदारांचं लक्षात ठेवा.

चाळिशीत असताना त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर आणायचे. (असले सिनेमे आम्हाला शाळेत दाखवायचे, तेव्हा माझं लक्ष फक्त डब्याकडे असायचं.) आपण असतो तर लगेच ग्रुप पाडून टायटल सबमिट केलं असतं. फाळके मात्र कित्येक महिने नुसते सिनेमे बघत आणि घरी प्रयोग करत बसले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली, तशी विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते थेट लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलमध्ये परतसुद्धा आले.

आता पैसा हवा होता, आणि नुसत्या बोलण्यावर कोण देणार? मला सगळ्यात आवडलेला भाग हा. त्यांनी कुंडीत बी पेरलं, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बीचं रोप होताना दिसलं. हा डेमो पाहून कर्ज मिळालं.

मग टीम. बाईचं काम करायला कुणी बाई तयार होईना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. दादरच्या बंगल्यात सेट लागला. आणि सरस्वतीबाई! कच्च्या फिल्मला कडेने भोकं नसायची, ती अंधारात बसून त्या पाडायच्या. फिल्म धुवायला मदत, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक, आणि दागिनेही गहाण. व्हायवाला विचारतात ना, ग्रुपमध्ये तुझं काँट्रिब्यूशन काय? बाईंचं सांगायला एक पान पुरणार नाही.

साधारण सात महिन्यांत सुमारे ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला. प्रोजेक्ट वेळेत पूर्ण आणि हिट.

पण मला वाटतं, 'नियंत्रण' ही पायरी त्यांना कधीच मानवली नाही. घरातला पैसा होता तोवर हिशेब विचारणारं कुणी नव्हतं. 'लंकादहन' (१९१७) तुफान चालला, पुढे नाशिकला भागीदारांबरोबर हिंदुस्थान कंपनी निघाली आणि खर्च-वेळेवरून खटके उडू लागले. भागीदारांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही, पैसा त्यांचा होता. फाळके सगळं सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं, काही वर्षांनी परत आले. पण पूर्वीसारखं जमलं नाही. बोलपट आल्यावर तर काळच बदलला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट, कोल्हापूरच्या कंपनीसाठी केलेला, तोही दुसऱ्याच्या पैशावर.

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. हाताशी पैसा फारसा उरला नव्हता.