पंडिता रमाबाई : प्रार्थना व परिश्रम

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या लहान आहेत. रविवारच्या उपासनेस जमणारी माणसे सहज मोजता येतात. त्यामुळे पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या मनात असा प्रश्न येतो की, इतक्या थोड्या लोकांच्या हातून समाजाची सेवा ती कितीशी होणार, आणि त्यांच्या प्रार्थनेने कोणाचे पोट भरणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका चरित्राने द्यावे, हे आम्हांस अधिक बरे वाटते. ते चरित्र पंडिता रमाबाई यांचे होय.

औंढा नागनाथास व नरसी नामदेवास जाणारे यात्रेकरू आपण नेहमी पाहतो. रमाबाईंचे बालपण अशाच यात्रेच्या वाटांवर गेले. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानीत; तरी शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेत जाबही दिला. पुढे हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. गावोगावी पुराण सांगावे व मिळेल त्यावर गुजराण करावी, असा क्रम चालू झाला. वाटेतच आईने रमेला संस्कृत पढविले. शाळा नाही, पाटी नाही, बसावयास बाक नाही. तरीही भागवताचे सहस्रावधी श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले.

मग दुष्काळ आला. जवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी विकली गेली, आणि रानातील पाला व फळे खाण्याची पाळी आली. १८७४ साली वडील गेले. त्यांच्या मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्यविधीच्या वेळी खांदा द्यावयास माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली; तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी असल्यामुळे तिने तिरडीची बाजू डोक्यावर घेतली, व त्या चौघांनी प्रेत स्मशानात नेले. वाचकहो, हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पुढील कार्याचे बीज आम्हांस येथेच दिसते.

भाऊबहीण पायी भ्रमण करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु सुख फार दिवस टिकले नाही. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीचे बंधन मोडून विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा झाली, आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचेही निधन झाले. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रियांकरिता शिक्षिका व स्त्री वैद्य हवेत अशी साक्ष हंटर कमिशनपुढे दिली.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने महाराष्ट्रातील त्यांचे अनेक चाहते दुखावले. उलट पक्षी, वाँटेजच्या धर्मगुरूंनाही त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. जे पटेना त्याविषयी त्या निर्भयपणे प्रश्न विचारीत. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेत गेल्या. तेथे हिंदी विधवांची स्थिती त्यांनी व्याख्यानांतून व ग्रंथातून मांडली, आणि दहा वर्षे साह्य करण्याचे वचन देणारे एक मंडळ बोस्टन शहरी स्थापन झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींतील बालविधवा गोदूबाई यांचा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० साली सदन पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असा तेथील नियम होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. वृत्तपत्रांनी टीका केली, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची चिंता निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. आपले लेकरू परक्या धर्माकडे वळेल या भयाने कोणाही आईबापाचे काळीज हलेल. पण दार लावून गुपचूप प्रार्थना करणे रमाबाईंस अप्रामाणिक वाटले. दार उघडे राहिले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

एवढे झाल्यावर एखादी व्यक्ती देवघरात बसून राहिली असती. रमाबाईंनी पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लाविली. संस्थेने दुसऱ्याच्या दानावरच सदा जगू नये, हा त्यात हेतू होता. इतक्यात १८९६-९७चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतातील अनाथ मुली व विधवा यांची दशा ऐकताच त्या स्वतः तिकडे गेल्या. जिने बालपणी रानातला पाला खाल्ला होता, तिला भुकेल्या मुलीचा चेहरा ओळखावयास कोणाची शिफारस लागली नाही. सुमारे तीनशे जणींना त्यांनी आश्रय दिला. राहावयास घरे नव्हती. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगावच्या माळावरच वस्ती झाली. तीच मुक्ती. १८९९-१९००च्या दुष्काळात गुजरातेकडील मुलींची त्यात भर पडली आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

मुक्तीची दिनचर्या आमच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. पहाटे प्रार्थना होई, आणि मग प्रत्येकीच्या हाती काम असे. कोणी दळीत, कोणी रांधीत, कोणी शेतात राबत. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, गाईगुरे, छापखाना हे सर्व मुलीच सांभाळीत. अंधांना बोटांनी वाचण्याची लिपी शिकवीत. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते, वृद्ध व अपंग यांसाठी प्रीतिसदन. १९०५च्या आरंभी सत्तरएक जणी रोज विशेष प्रार्थनेस जमू लागल्या. काही महिन्यांत ती संख्या शेकड्यांवर गेली आणि जूनमध्ये तेथे मोठी धर्मजागृती झाली. अश्रू, पश्चात्ताप व आनंद यांचा पूर लोटला असे सांगतात. परंतु त्या पुरातही चूल विझली नाही आणि गाई दुधावाचून परतल्या नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते.

मनोरमेने आईचे कार्य पुढे नेले. तिने गुलबर्ग्यास शाळा उघडण्यास हातभार लाविला. तो मुलूख त्या काळी आपल्या हिंगोलीप्रमाणेच निजामच्या राज्यात होता. म्हणजे या सेवेचा एक ओघ आपल्या प्रांताकडेही वळला. रमाबाईंनी उतारवयात आणखी एक काम शिरावर घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. विद्वानांच्या सभा जिंकणाऱ्या पंडितेने शेवटी आपली विद्या दळणाऱ्या बाईच्या ओसरीवर आणून ठेविली. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक मनोरमा मरण पावली. कानांनी कमी ऐकू येत होते, शरीर थकले होते, तरी छापखान्यातून येणारे कागद तपासण्याचे काम त्यांनी थांबविले नाही. काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली, असे सांगतात. ते काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुक्ती मिशन आजही केडगावी निराधारांची सेवा करीत आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मुक्तीचा आरंभ दोन हजारांपासून झाला नव्हता. उघड्या दारामागे प्रार्थनेस बसलेली एक आई व तिची मुलगी, एवढीच ती मंडळी होती. आपल्या मंडळ्या याहून मोठ्या आहेत. आपल्या जिल्ह्यात पावसाने पाठ फिरविली की काय होते, हे आपण जाणतो. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची मुले, एकट्या पडलेल्या वृद्धा, शाळा सुटलेल्या मुली आपल्याच गल्लीत आहेत. ख्रिस्ती असोत वा अन्य धर्माचे, आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी रमाबाईंपासून एवढे घ्यावे : ज्या दुःखाची ओळख आपणांस स्वतःच्या अनुभवाने पटली आहे, त्याच्या निवारणाची प्रार्थना करावी, आणि प्रार्थना संपताच उठून कामास लागावे. गुडघे आणि हात ही दोन्ही देवानेच दिली आहेत.