आधी चाचणी, मग कारखाना
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योग कसा पारखून उभा केला

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात छोट्या उद्योजकांची वाण नाही. नोकरी सांभाळून एखादा गाळा भाड्याने घ्यावा, की साठवलेली सारी पुंजी एकदम धंद्यात घालावी, हा प्रश्न त्यांतील अनेकांना कधी ना कधी पडतोच. अंबरनाथला औद्योगिक ओळख देणारा विम्कोचा आगकाड्यांचा कारखाना १९२०च्या दशकात स्वीडिश भांडवलावर उभा राहिला होता. मात्र ज्याच्या पाठीशी असे भांडवल नाही, त्याने काय करावे? लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आल्यावर त्यांना चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनात मात्र त्यांचा हात चांगला बसला होता. त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

धंद्याची ओढ होतीच. पण त्यासाठी त्यांनी लगेच नोकरीवर पाणी सोडले नाही. ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा तेथे त्या विकत, शिवाय लोकांना चालवायलाही शिकवीत. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव याच दुकानामुळे रूढ झाले. पुढे नोकरीत बढती डावलली गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला, तेव्हा बेळगावात पाय टेकायला जागा तयार होती.

तेथे त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनवले. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला आणि खरी कसोटी लागली. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणारा कुणबी या नव्या अवजाराला हात लावायला धजेना. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षे लागली. फाळाच्या लोखंडाबाबत तक्रारीही आल्या. त्या मनावर घेऊन लक्ष्मणरावांनी फाळ सुधारला. माल थोडा होता, म्हणूनच हा विलंब आणि या चुका सोसण्याजोग्या ठरल्या. हजारो नांगर आधीच ओतून ठेवले असते, तर बहुधा उद्योगाचा तेथेच शेवट झाला असता.

हळूहळू नांगराची मागणी वाढू लागली, तोच बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. सोबत होते अवघे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे. हे धाडस मोठे होते आणि काही अंशी परिस्थितीने लादलेलेही होते. तरीही या वेळेपावेतो नांगर शेतात उतरून पारखला गेला होता, गिऱ्हाईक ठाऊक झाले होते आणि दोष कळले होते. लक्ष्मणरावांनी सर्वस्व पणाला लावले ते या अनुभवाच्या आधारावर.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले. १९२६ मध्ये पंपांची निर्मिती सुरू झाली. चिरंजीव शंतनुरावांनी पुढे हा व्याप पुणे आणि बंगळूरपर्यंत नेला. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले.

चाचणी छोटी ठेवली म्हणून धोका टळतोच असे नाही, बेळगाव सुटलेच. परंतु फसलेला प्रयोग दुरुस्त करण्याइतकी शक्ती हाती उरते. अंबरनाथ-बदलापूरच्या एखाद्या गाळ्यात पहिला नमुना घडवणाऱ्याने या चरित्रातून एवढे घेतले तरी पुष्कळ झाले.